फावड्याची मान



इंग्लंडला लेकीकडे जाऊन आलेल्या माणसानं परत आल्यावर काय सांगायचं, हे ठरलेलं असतं. राणीचा राजवाडा, टेम्सवरचा पूल, तिथली शिस्त आणि तिथली थंडी. मी मात्र आज तुम्हाला एका फावड्याबद्दल सांगणार आहे. खरं म्हणजे दोन फावड्यांबद्दल. एक माझ्या हातात मोडलं. दुसरं मोडलं नाही, पण त्याच्यामुळे जे झालं ते मोडण्याहून वाईट होतं.

माझा पेशा लोहारकामाचा, म्हणजे लोहारकाम शिकवण्याचा. भट्टी, भाता, ऐरण आणि समोर पंधरा-सोळा पोरं, यात आयटीआयमधली माझी तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर २०१७ साली आम्ही उभयता लेकीकडे सफोकला गेलो. सफोक हा इंग्लंडच्या पूर्वेचा, शेतीवाडीचा भाग. लेक आणि जावई सकाळी कामावर, सौभाग्यवती नातवात गुंतलेल्या, आणि मी रिकामा. शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहत. दर रविवारी पहाटे ते गाडीच्या डिकीत एक लांब काठीसारखं यंत्र, एक फावडं आणि चहाचा थर्मास टाकून निघत आणि संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून परत येत. एकदा कुंपणावरून विचारलं, कुठं जाता? म्हणाले, येऊन बघा.

मेटल डिटेक्टर आपल्याला विमानतळावर किंवा देवळाच्या दारात भेटतो. तिथं तो छंद आहे. काठीच्या टोकाला ताटाएवढी चकती असते, तिच्यात तारेचं वेटोळं. विजेच्या जोरावर ते वेटोळं जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडतं. खाली धातू असेल तर त्यात बारीक प्रवाह फिरू लागतात, त्यांचा उलटा परिणाम वेटोळ्यावर होतो आणि कानातल्या यंत्रात 'टुंई' वाजतं. दुसऱ्या महायुद्धात सुरुंग शोधायला वापरलेली हीच युक्ती पुढे छंदात आली. माणसं शेतकऱ्याची परवानगी काढतात, पीक निघालेल्या रानात ओळीनं चालतात आणि 'टुंई' वाजलं की थांबून खणतात.

आता हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, म्हणजे गुप्तधन काढायचा धंदा. तसं नाही. त्याला कायदा आहे. १९९६ चा 'ट्रेझर अ‍ॅक्ट' इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला लागू आहे. तीनशे वर्षांहून जुनी, दहा टक्के तरी सोनं-चांदी असलेली वस्तू, किंवा एकत्र पुरलेली जुनी नाणी सापडली, तर चौदा दिवसांत कॉरोनर नावाच्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. २०२३ साली त्यात भर पडली. आता दोनशे वर्षांहून जुनी आणि फार महत्त्वाची वस्तू असेल तर ती सोन्या-चांदीची नसली तरी 'ट्रेझर' ठरू शकते. संग्रहालयानं वस्तू घेतली तर बक्षिसाची रक्कम शोधणारा आणि जमीनवाला यांच्यात वाटली जाते. बाकीच्या किरकोळ वस्तू, म्हणजे सुटं नाणं, बटण, बक्कल, यांची नोंद करणं सक्तीचं नाही. पण १९९७ पासून त्यासाठीही एक योजना चालते आणि तिच्यात आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्यात. म्हणजे एखाद्या रिकामटेकड्या पोस्टमनला सापडलेलं बटणसुद्धा नकाशावर नेमकं कुठं होतं, ते लिहिलेलं असतं. मला याचं फार कौतुक वाटलं.

तर पहिल्या रविवारी मी नुसता बघत होतो. यंत्र वाजवायचं काम पाच मिनिटांचं, खणायचं काम दिवसभराचं. एका दिवसात चाळीस-पन्नास खड्डे सहज होतात आणि त्यातल्या बहुतेकांतून निघतं काय? बंदुकीच्या काडतुसाचं पितळी बूड, कोकाकोलाच्या डब्याची कडी, शिशाचा गोळा, ट्रॅक्टरचा नट. माझ्या लक्षात आलं की इथं प्रत्येकाजवळचं यंत्र भारी आहे, पण त्याची चर्चा फारशी नाही. थर्मास उघडले की चर्चा फावड्यांची. कुणाचं वाकलं, कुणाचं तुटलं, कुणी काय घेतलं. मला हसू आलं. फावड्यात काय एवढं पाहायचं?

इथं एक खुलासा करतो. आपलं फावडं म्हणजे दांड्याला जवळजवळ काटकोनात बसवलेलं पातं. ते उचलून मारायचं आणि माती आपल्याकडे ओढायची. तिथलं फावडं, ज्याला ते स्पेड म्हणतात, सरळ असतं. दांडा आणि पातं एका रेषेत. ते जमिनीवर उभं धरायचं, पात्याच्या खांद्यावर पाय द्यायचा आणि अंगाच्या वजनानं रुतवायचं. हे अवजार बूट घालणाऱ्या माणसाचं. अनवाणी पायानं त्यावर दाब द्यायला गेलात तर तळवा कापेल. आपल्याकडे कुदळ-फावडं रुजलं आणि ते रुजलं नाही, याचं एक कारण हे असावं, असं माझं मत आहे. कुणी अभ्यासकानं खोडलं तर माझी हरकत नाही. दोन्ही अवजारांत ताण मात्र वेगवेगळ्या जागी येतो. आपल्या फावड्याचा दांडा नेढ्यात बसतो, पाचर मारली की झालं. सैल झालं तर पाण्यात बुडवून ठेवतो किंवा उलटं आपटतो. त्यांच्या फावड्याचा जीव असतो मानेत, म्हणजे पातं जिथं दांड्याला मिळतं तिथं. माती उपसताना माणूस दांडा मागं दाबतो, पातं खाली अडकलेलं असतं आणि मधल्या मधे मान पिळली जाते.

हे ज्ञान मला तेव्हा होतं का? होतं. वापरलं का? नाही. मी जवळच्या मोठ्या दुकानातून सगळ्यात स्वस्त, चकचकीत स्टेनलेसचं फावडं उचललं. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही लोहाराचे मास्तर, तुम्हाला कोण शिकवणार?" त्यामुळे मी आणखीच बेफिकीर झालो.

सफोकची जमीन म्हणजे चिकण माती आणि तिच्यात गारगोट्या. हिमयुगातल्या बर्फानं ओढत आणून टाकलेली ही माती. ओली असली की बुटाला किलोकिलोनं चिकटते, वाळली की विटेसारखी. आणि आत त्या काळ्या गारा, मुठीएवढ्या ते डोक्याएवढ्या. दुसऱ्याच रविवारी एका गारेखाली पातं गेलं, मी सवयीनं दांडा पहारीसारखा दाबला, आणि कट्ट! दांडा माझ्या हातात आणि पातं मातीत. मी पाठीवर पडलो. पोस्टमन महाशयांनी मला आधी उठवलं आणि मगच हसले.

घरी येऊन मी ती मोडलेली मान उजेडात धरली. तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं होतं, की मोडलेला तुकडा फेकू नका, तो बोलतो. तुटलेल्या जागेचा अर्धा भाग ताजा, राखाडी, दाणेदार होता. उरलेला अर्धा काळपट, गंजाचा. म्हणजे तडा त्या दिवशी गेलाच नव्हता. तो आधीपासून होता. पातं दोन-अडीच मिलिमीटर पत्र्याचं, दाबून काढलेलं. त्याच्या पाठीला नळी टेकवून वेल्डिंगचा एक टाका मारलेला. टाक्याच्या कडेला खोबण पडली होती, तिथं ताण साठत गेला, तडा गेला, त्यात पाणी शिरलं. गार नसती तर पुढच्या रविवारी मुळीनं मोडलं असतं.

पुन्हा फावडं घ्यायचं तर नीट घ्यावं, म्हणून मी मग जो दिसेल त्याचं फावडं उलटं करून बघायला लागलो. पाठ बघायची. पत्रा दाबून केलेल्या पात्याच्या पाठीमागं मानेखाली एक पोकळ खळगा असतो. वजन कमी, किंमत कमी, आणि त्या खळग्यात माती जाऊन बसते. काहींत तो खळगा वरून पत्रा लावून बंद केलेला असतो, त्यानं थोडी ताकद वाढते. सगळ्यात चांगलं म्हणजे एकाच लोखंडातून ठोकून घडवलेलं पातं आणि त्यातूनच निघालेली लांब नळी. जोडच नाही, मग तुटणार कुठं? तिथले पुरातत्त्ववाले हातात जी लहान थापी घेऊन गुडघ्यावर बसलेले असतात, ती 'डब्ल्यूएचएस' नावाची थापीसुद्धा याच कारणासाठी नावाजलेली आहे. पातं आणि शेपटी एका लोखंडाची. जोड लावलेल्या थाप्या मानेत मोडतात. थापी असो की फावडं, मरण मानेतच.

आता पोलादाबद्दल. लोकांना वाटतं, कडक तेवढं टिकाऊ. हा गैरसमज. विळ्याला, फावड्याला आपण पाणी देतो, म्हणजे लाल तापवून थंड करतो, तेव्हा ते कडक होतं. पण नुसतं कडक ठेवलं तर गारेवर काचेसारखं टवका उडेल. म्हणून पुन्हा हलकं तापवून त्याचा ताठा उतरवायचा. फावड्याला कडकपणा हवा धारेपुरता आणि चिवटपणा हवा अंगभर. मऊ पातं वाकतं आणि वाकलेलंच राहतं. चांगलं पातं वाकतं आणि सरळ होतं. दुकानात एवढं करून बघता येतं. पातं टेकवून थोडं दाबा, सोडा, आणि कडेनं एक डोळा मिटून पाहा. बोटाच्या पेरानं वाजवा. चांगलं पातं घंटेसारखं घुमतं, तडा असलेलं फुटक्या मडक्यासारखं. आणि स्टेनलेस? त्याला चिकण माती कमी चिकटते, गंज चढत नाही, यात शंका नाही. पण स्वस्त स्टेनलेस बहुधा आपल्या भांड्यांच्या जातीचं असतं, त्याला कितीही तापवून पाण्यात बुडवा, ते कडक होत नाही. सुऱ्यांना वापरतात ते स्टेनलेस वेगळं, त्याला पाणी देता येतं, आणि अशा पोलादाची खास या छंदासाठी बनवलेली चांगली फावडी मिळतात. किंमत साध्या फावड्याच्या तीन-चार पट. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावीत.

पुष्कळांच्या फावड्यांना बाजूनं करवतीसारखे दातेही असतात. मुळ्यांच्या रानात ते कामाचे. कुरणात मात्र मला ते आवडले नाहीत. गवताच्या रानात खणायची रीत अशी की घोड्याच्या नालेसारखं तीन बाजूंनी कापायचं, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवायची, गवताचा चौकोन मुळ्यांसकट उलटवायचा, खालची माती प्लास्टिकवर काढायची, आणि काम झालं की सगळं परत भरून पायानं दाबायचं. महिन्याभरानं शेतकऱ्याला खड्डा कुठं होता ते सापडता कामा नये. सापडलं तर पुढच्या वर्षी फाटक बंद. दात्यांनी गवताची कड फाटते आणि फाटलेली कड वाळते. त्यापेक्षा सरळ धार बरी. रुंदीही फार नको. बागकामाचं रुंद फावडं एका नाण्यासाठी विहीर खणतं. वीतभराहून अरुंद, लांबट, थोडं निमुळतं पातं असलेलं बरं. तिथं सशांची बिळं उकरायला अशी फावडी पूर्वापार वापरतात.

एक गंमत सांगायची राहिली. मला वाटलं होतं, खणायचं काम आहे तर पोलादी टोपीचे कारखान्यातले बूट घालावेत. पोस्टमननी पाहिल्याबरोबर काढायला लावले. बुटातल्या पोलादावरच यंत्र वाजत राहतं. म्हणून ही मंडळी रबरी बूट घालतात, आणि म्हणून पात्याच्या खांद्यावर पाय ठेवायला चांगली रुंद, दुमडलेली कड लागते. धारदार खांदा रबराचा तळ चिरतो. फावडंही चार पावलं लांब खोचून यायचं, नाहीतर यंत्र त्याच्याच नावानं ओरडतं.

शेवटी मला फावडं दुकानात मिळालंच नाही. तिथं 'कार बूट सेल' म्हणून प्रकार असतो. रविवारी सकाळी माळावर लोक आपापल्या गाड्यांच्या डिक्या उघडून घरातल्या अडगळी मांडतात. आपला जुना बाजारच. तिथं एका म्हातारीच्या चादरीवर, फुटक्या किटलीशेजारी, एक अरुंद फावडं पडलं होतं. बनवणाऱ्याचा शिक्का झिजून गेलेला, दांडा कुजलेला, पण पातं एका लोखंडाचं आणि नळी कोपरापर्यंत लांब. वाजवलं तर घुमलं. चार पौंडांना घेतलं. जुने रिव्हेट छाटून दांडा काढला. नवा दांडा अ‍ॅश लाकडाचा आणला. आपल्याकडे जसा बाभळीचा तसा तिकडे अ‍ॅशचा दांडा, कारण ते लाकूड धक्का पितं. घेताना रेघा पाहिल्या, त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. मधेच कडेला निघून गेल्या तर दांडा तिथंच चिरणार. तासून, ठोकून बसवला, जवसाचं तेल तीनदा पाजलं. आणि मग कानस घेऊन धार लावली. ग्राइंडर हाताशी होता, पण त्याच्या उष्णतेनं पात्यावर निळा रंग चढला की तिथलं पाणी उतरलं समजा. कानशीनं, एकाच बाजूनं, तासभर. बोटावरचे केस निघतील अशी धार. पोस्टमन म्हणाले, एवढी कशाला? मी म्हटलं, आमच्याकडे अशीच लावतात. आता सांगायला लाज वाटते, पण आमच्याकडेही फावड्याला कुणी अशी लावत नाही. मला माझं कसब दाखवायचं होतं.

त्याच सुमारास पोस्टमननी मला हॉक्सनची हकिगत सांगितली. हॉक्सन हे सफोकमधलंच गाव. १९९२ च्या नोव्हेंबरात तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्यानं एरिक लॉज या आपल्या मित्राला यंत्र घेऊन बोलावलं. लॉज माळीकाम करून निवृत्त झालेले. निवृत्तीला भेट म्हणून मिळालेलं ते यंत्र. हातोडा शोधता शोधता चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने, नाणी वर यायला लागली. आणि मग लॉजनी जे केलं त्यासाठी त्यांचं नाव अजून घेतात. त्यांनी खणणं थांबवलं. अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वाचे लोक आले आणि त्यांनी जमिनीत सगळं जसं होतं तसं, थरानं थर उलगडलं. सुमारे पंधरा हजार रोमन नाणी, दोनशेच्या आसपास सोन्याचांदीच्या वस्तू. नाण्यांवरून कळलं की हे धन इसवी सन ४०७ नंतर केव्हातरी पुरलं गेलं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ते एका लाकडी पेटीत होतं, पेटीत आणखी लहान पेट्या होत्या, कुलपं होती, काय कशावर ठेवलं होतं हे सगळं समजलं. लाकूड कुजून गेलेलं, पण मातीत त्याच्या खुणा होत्या. लॉजनी हावरेपणानं फावडं चालवलं असतं तर नाणी तीच मिळाली असती, पेटी मिळाली नसती. त्या धनात मिरपूड ठेवायची चार चांदीची पात्रं होती. मिरी कुठली? आपल्या मलबारची. सोळाशे वर्षांपूर्वी सफोकच्या कुणा श्रीमंताच्या ताटावर केरळातली मिरी भुरभुरवली जात होती, हे ऐकून मला त्या गारठ्यात जरा ऊब वाटली. लॉज आणि त्या शेतकऱ्यानं साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस वाटून घेतलं. आणि तो हातोडा? तोही सापडला. तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

ही गोष्ट ऐकून पंधरा दिवसही झाले नसतील. ऑक्टोबरची सकाळ, नांगरून ठेवलेलं रान. माझ्या हातात पोस्टमनचं जुनं यंत्र होतं. आवाज आला, गोड आणि उंच. असा आवाज लोखंडाचा नसतो. रीत अशी की आधी चकती आडवी-उभी फिरवून नेमकी जागा ठरवायची. मग तिच्यापासून चांगलं वीतभर बाहेर पातं उभं, अगदी उभं रुतवायचं. आत तिरकं कधीच नाही. ढेकूळ उचलायचं, बाजूला ठेवायचं, आणि हातात मावणाऱ्या लहान शोधकाठीनं त्यातली जागा हुडकून बोटांनी माती मोकळी करायची. मला हे सगळं तोंडपाठ होतं. पण आवाज गोड होता. मी जागा एकदाच पाहिली, पातं जरा जवळ लावलं आणि जरा तिरकं. रुतलं, लोण्यात जावं तसं. हाताला काही जाणवलं नाही.

ढेकूळ फोडलं तर त्यात चांदीचा अर्धा तुकडा. अर्धा. दुसरा अर्धा खड्ड्याच्या भिंतीत होता. तेराव्या शतकातला, तिसऱ्या हेन्री राजाचा पेनी. बोटाच्या पेराएवढा, नखाइतका पातळ, दीड ग्रॅमसुद्धा वजन नाही. साडेसातशे वर्षं नांगर, कुळव, ट्रॅक्टर त्याच्यावरून गेले आणि तो शाबूत राहिला होता. माझं पहिलं फावडं असतं, ते बोथट, पत्र्याचं, तर त्यानं नाणं फार तर ढकललं असतं, वाकवलं असतं. माझ्या घडीव, पाणीदार फावड्यानं ते कापलं.

पोस्टमन काही बोलले नाहीत. थर्मासमधला चहा ओतून त्यांनी पेला माझ्यापुढे धरला. मग बऱ्याच वेळानं, मला बरं वाटावं म्हणून असेल, त्यांनी सांगितलं की त्या काळी लोक स्वतःच पेनी कापत. सुटे पैसे नसायचे, मग अर्ध्या पेनीसाठी नाण्याचे दोन तुकडे, पाव पेनीसाठी चार. नाण्याच्या पाठीवर फुली असते, तिच्या रेघेवरून कात्री चालवायची. १२४७ पासून ही फुली नाण्याच्या पार कडेपर्यंत नेली, म्हणजे कुणी कडेची चांदी चोरून कातरली तर लगेच दिसावं. म्हणून अर्धे तुकडे शेतात पुष्कळ सापडतात. मीही क्षणभर मनात म्हटलं, मग हाही तसाच समजा ना. दोनांतला एक तुकडा दाखवावा, दुसरा खिशात. कुणाला कळणार?

पण शेतकऱ्याच्या रानातली वस्तू होती. आम्ही दोन्ही तुकडे त्याला दाखवले. त्यानं खांदे उडवले आणि म्हणाला, नोंद करा म्हणजे झालं.

जाता जाता, आपल्याकडचं विचारतात म्हणून सांगतो. गडावर, टेकाडावर यंत्र घेऊन फिरायची इच्छा कुणाला झाली असेल तर ती आवरावी. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणं १९५८ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि शेतात, घराचा पाया खणताना, आपसूक काही सापडलं तर १८७८ सालचा पुरलेल्या धनाचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. लपवलं तर आपला हक्कही जातो आणि शिक्षाही होते. फावडं कुठलं घ्यावं हा प्रश्न आपल्याकडे यायच्या आधी हे येतं.

नोंद करणारी अधिकारी तिशीतली बाई होती. आठवड्यातून एकदा ती लोकांच्या वस्तू पाहायला बसे. समोर रांग. कुणाच्या हातात डबी, कुणाच्या रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. माझी पाळी आली तेव्हा मी दोन्ही तुकडे कागदावर ठेवले आणि सगळं सांगितलं. तिनं भिंग लावलं आणि मलाही पाहायला दिलं. जुन्या काळी कापलेल्या तुकड्याची कड नाण्याच्या अंगासारखीच काळवंडलेली असते आणि ती फुलीच्या रेघेवरून जाते. माझा काप फुलीला तिरका छेदून, राजाच्या चेहऱ्यातून गेला होता, आणि कड आरशासारखी चमकत होती. मी न सांगता एक तुकडा दिला असता तरी तिला कळलंच असतं.

ती रागावली नाही. वजन केलं, मोजलं, दोन्ही बाजूंचे फोटो घेतले, नकाशावर जागा विचारली. मग नोंदीत राजा, वर्षं, वजन, व्यास लिहून झाल्यावर शेवटी एक ओळ घातली: दोन तुकडे, तुटलेली कड ताजी.

त्या संध्याकाळी मी शेडमध्ये कानस घेऊन बसलो आणि पात्याची धार मोडली. बोट फिरवलं तर नुसती कड लागेल, एवढीच ठेवली. फावडं अजून तिथंच आहे. दरवर्षी पावसाळी हवा सुरू व्हायच्या आधी दांड्याला तेल लावायची आठवण मी जावईबापूंना फोनवर करतो, आणि ते दरवर्षी विचारतात, "बाबा, जवसाचंच ना?"

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)